लाल काठाच्या दोन धाबळ्या

माझ्या जीपला खटारा म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, ऐन जानेवारीत बुर्झेश्तीला वर जाऊन आलायस का कधी? आमच्या खालच्या गावापासून वरच्या त्या पाच घरांच्या वाडीपर्यंत रस्ता म्हणजे फरच्या जंगलातून गेलेली लाकूडतोड्यांची वाट. उन्हाळ्यात चिखल, हिवाळ्यात बर्फ. शहरातून चकचकीत गाड्या घेऊन हौशी मंडळी येतात, दुसऱ्या वळणाला आडवी होतात, आणि मग "काका, जरा ओढता का?" करत माझंच दार वाजवतात. ओढतो. बोलून घेतो आणि ओढतो.

माझी जीप तोदोरपेक्षा वयानं मोठी आहे. तोदोर म्हणजे ज्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याची ही गोष्ट, तो. बुर्झेश्तीतला. त्याचं आणि साल्वीनाचं लग्न लागलं तेव्हा त्यांच्या मागे मेणबत्त्या धरून आम्ही उभे होतो, मी आणि माझी बायको लेतित्सिया. म्हणजे आम्ही त्यांचे धर्मआई-धर्मबाबा, आणि आमच्यात रीतच अशी की लग्नात ज्यांनी मेणबत्ती धरली त्यांनीच पुढे त्या जोडप्याची पोरं बाप्तिस्म्याला न्यायची. आम्हाला स्वतःला मूलबाळ नाही. लेतित्सिया त्याबद्दल बोलत नाही, मीही नाही. पण तोदोरला मुलगी झाली त्या दिवसापासून बाई घरात गात फिरायला लागली. आवाज म्हणाल तर गंजलेल्या बिजागरीचा. तरी मी गप्प बसून ऐकलं, यावरून काय ते समजा.

आता रीत नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यावरच झाला. बाळंतीण सहा आठवडे आवाराबाहेर पाऊल टाकत नाही. मूल धर्मआई उचलते, चर्चमध्ये नेते, बाप्तिस्मा झाला की परत आणते आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईच्या हातात देते. वाटेत कुणाच्याही हातात द्यायचं नाही. बापाच्यासुद्धा नाही. आणि देताना म्हणायचं, "तू मला नुसतं लेकरू दिलंस, मी तुला देवाचं लेकरू आणून दिलं." लेतित्सिया हे वाक्य आठवडाभर कोंबड्यांसमोर म्हणत होती.

त्या सकाळी आम्ही पोरीला न्यायला वर गेलो तेव्हा साल्वीनानं लेतित्सियाच्या खांद्यावर एक धाबळी टाकली. पांढरी लोकर, लाल काठ. "धर्मआई, ही तुमची. बाळाची विणली तेव्हाच तुमचीही विणली. जोडीच्या आहेत." लेतित्सियानं काठावरून बोट फिरवलं. मग ती माझ्यावर ओरडली, दार उघडं टाकून थंडी आत घेतोय म्हणून. मी दाराजवळसुद्धा नव्हतो.

बाप्तिस्मा छान झाला. पोरीचं नाव लिविया ठेवलं. पाद्रीबाबांनी तिला पाण्यात तीनदा बुडवली तेव्हा तिनं असा टाहो फोडला की म्हातारी मंडळी खूश झाली, फुप्फुसं दमदार आहेत म्हणाली. मग आमच्या घरी बाटलीतलं पोटभर दूध पिऊन ती जी झोपली ती झोपली. लेतित्सियानं जेवणावळीचा गोड पाव भाजून ठेवला होता, वेणी घातलेला, चांगला पोरीएवढा. वर जाईपर्यंत तो दगड होऊ नये म्हणून तिनं तो स्वतःच्या नव्या धाबळीत गुंडाळला. आणि निघता निघता जीपमधली माझी करवत उचलून ओट्यावर ठेवली.

"अगं, ती असू दे. जंगलात जायचंय."

"बाप्तिस्मा आहे, ग्लिगोर. लाकडं तोडायला नाही चाललो आपण. पोरीच्या उशाशी पेट्रोलचा वास नको."

वाद घातला नाही. तोदोर पुढे माझ्या शेजारी बसला, लेतित्सिया पोरीला घेऊन मागे, आणि पाव पार मागे सामानात.

दुपारी बर्फ पडायला लागलं. साधं नाही, ओलं आणि जड, फांद्या वाकवणारं. अर्ध्या वाटेवर, पात्रू लाकूडतोड्याच्या खोपटासमोर, एक चढ आहे. तिथे खाली बर्फ गोठून काच झालेली आणि वर हे ताजं. जीप अर्ध्यापर्यंत चढली, थांबली, आणि मग सावकाश, अगदी विचार करून केल्यासारखी मागे आली. खालच्या झाडाला टेकली म्हणून बरं.

"उतरा," मी म्हणालो. "साखळ्या घालाव्या लागणार."

"मघाशीच घालायच्या होत्या," मागून आवाज आला.

"मघाशी तू म्हणालीस, उशीर होतोय."

"मग काय, माझं कधीपासून ऐकायला लागलास?"

पात्रू खोपटात नव्हता, घोडा घेऊन रानात गेला असणार, पण शेगडी धगधगत होती. आमच्याकडे खोपटाला कुलूप नसतं. लेतित्सिया पोरीला घेऊन आत गेली. साखळ्या सामानाच्या तळाशी, म्हणून तोदोरनं सगळं सामान बाहेर काढलं. पाव बर्फात कसा ठेवायचा, म्हणून तो त्यानं खोपटात नेऊन शेगडीजवळच्या बाकावर ठेवला. मग आम्ही दोघं चाकांखाली लोळत बसलो. बोटं अशी बधिर झाली की साखळीची कडी लागली की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं.

थोड्या वेळानं लेतित्सिया बाहेर आली.

"पोरगी?"

"फळीवर निजवलीय. धाबळीसकट, पात्रूच्या मेंढीच्या कातड्यात. कुणाच्या हातात नाही दिली, घाबरू नकोस." आणि ती फरच्या फांद्या ओढून चाकांखाली टाकायला लागली. साठीची बाई, चर्चचे कपडे घालून. मी नको म्हणालो तर म्हणाली, "तुझ्या वेगानं चाललं तर पोरीच्या लग्नाला पोचू."

साखळ्या बसल्या. मी इंजिन दामटलं, चाकांनी फांद्या चावल्या आणि जीप सुटली. चढाच्या माथ्याजवळ आली, पण तिथे थांबवली असती तर परत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून मी तशीच रांगती ठेवली आणि खिडकीतून बोंबललो, "चला! पळा! मी थांबत नाही!"

लेतित्सिया खोपटात घुसली, धाबळी छातीशी धरून बाहेर आली आणि धावत धावत मागे चढली. तोदोर सामान आत फेकत होता. "धर्मबाबा, पाव राहिला आत!"

"जाऊ दे पाव! पात्रू खाईल! बस आत!"

तो बसला. आणि आम्ही चढ ओलांडला. आहाहा, काय चढली माझी जीप. मी स्टिअरिंगवर थाप मारली.

"पाव गेला," तोदोर हळहळला.

"पात्रूचं नशीब," मी म्हणालो. "म्हाताऱ्याच्या घरी आज सण."

मागे लेतित्सिया मांडीवरचं गाठोडं हलकेच झुलवत होती आणि गात होती. जीप खड्ड्यातून उडत होती, माझं डोकं छताला लागत होतं, आणि पोरगी हूं नाही की चूं नाही. "केवढी शहाणी आहे," तोदोर म्हणाला. "घरी तर रात्रभर जागवते."

"आता बाप्तिस्मा झालाय तिचा," लेतित्सिया म्हणाली. "आणि कशी उबदार आहे. तोंडावरून पांघरूण काढू नका रे कुणी, वारा लागेल."

बुर्झेश्तीला पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. साल्वीना उंबऱ्यात उभी होती, नवा पांढरा सदरा, केस विंचरलेले. सकाळपासून अंगातलं दूध भरून आलेलं, ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. लेतित्सिया उतरली. अंगणातनं ताठ चालत गेली. मी टोपी काढली.

"तू मला नुसतं लेकरू दिलंस," लेतित्सिया म्हणाली, आणि गाठोडं पुढे केलं, "मी तुला देवाचं लेकरू आणून दिलं."

साल्वीनानं दोन्ही हातांनी घेतलं. हसली. पदराची गाठ सोडावी तशी धाबळी बाजूला केली.

आत पाव होता. वेणी घातलेला, वरून अंडं लावून चकाकणारा.

मग साल्वीना अगदी हळू म्हणाली, "माझी मुलगी कुठाय?"

मी आयुष्यात दोनदा कड्यावरून घसरलोय, एकदा अस्वलासमोर उभा राहिलोय. पण असा घाबरलो नव्हतो कधी. खोपट. फळी. शेगडी विझली की त्या फळकुटांच्या भिंतीतून थंडी आत यायला किती वेळ लागतो, हे मला माहीत होतं. आणि विझली नाही, एखादा निखारा बाहेर पडला, तर ते त्याहून वाईट. लेतित्सियाच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मला परत ऐकायचा नाही.

साल्वीना तशीच पायऱ्या उतरली. "मी येणार."

"तू इथेच थांब," मी म्हणालो. "पात्रू आला आणि त्याला सापडली तर तो इकडेच आणेल. तिला पाजायला कुणी नको?"

ती थांबली. तो पाव तिच्या हातातच होता.

आम्ही तिघं परत निघालो. चढताना ज्या वाटेला मी शिव्या दिल्या तीच आता सोन्याची वाटत होती, कारण ती निदान वाट होती. दुसऱ्या वळणावर ती संपली. बर्फाच्या ओझ्यानं एक भला मोठा फर मुळासकट आडवा पडला होता. आम्ही वर गेल्यानंतरच पडला असणार. मी करवतीसाठी मागे हात घातला. करवत ओट्यावर होती. लेतित्सियानं माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोललो नाही. देवाशप्पथ, एक शब्द नाही.

उजव्या हाताला ओंडके खाली ओढायची घळ होती. घोडे लावून तोडलेली झाडं त्या घळीतून खाली नेतात. सरळ उतार, दोन्ही बाजूंना झाडं, आणि घासून घासून गुळगुळीत झालेला तळ. पण उतरते ती थेट खोपटाच्या मागे.

"धर्मबाबा," तोदोर म्हणाला, "ही ओंडक्यांची आहे. गाडीची नाही."

"आज आपण ओंडके. धर."

मी सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि नाक घळीत घातलं. पुढचं काही मी चालवलं असं म्हणणार नाही. ब्रेक लावला की जीप आडवी होणार, नाही लावला की सुटणार, म्हणून इंजिनच्याच जोरावर धरायची आणि साखळ्या चावतील त्या चावू द्यायच्या. डावीकडची झाडं आरशाला चाटून गेली, मग आरसाच गेला. तोदोर आईचं नाव घेत होता. मागे लेतित्सिया अजिबात ओरडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. तोंडानं मी देवाला विनवत होतो आणि त्याच तोंडानं जीपला शिव्या घालत होतो, आणि कुणाला काय म्हणालो ते आता आठवत नाही. एका ठिकाणी मागचा भाग पुढे यायला निघाला. मी चाक उलटं फिरवलं, खडकावर काहीतरी कडाडलं, आणि ती परत सरळ झाली. मग एकदम सपाट. समोर खोपटाची मागची भिंत.

लेतित्सिया जीप थांबायच्या आधी उतरली.

खोपटाचं दार बाहेरून कडी लावून बंद होतं. आत अंधार. शेगडीत राख ओढून विस्तव झाकलेला. फळी रिकामी. पात्रूचं मेंढीचं कातडंही नाही. लेतित्सिया फळीवर हात फिरवत राहिली, इकडून तिकडे, परत इकडून तिकडे, जणू पोरगी फटीत पडली असेल. मग ती खाली जमिनीवर बसली.

"मी घेतली होती," ती म्हणाली. "ग्लिगोर, मला वाटलं मी घेतली होती."

मी तिच्याजवळ खाली बसलो. तोदोर बाहेर धावला होता. आणि तिथून तो ओरडला, रडतोय की हसतोय ते कळेना.

"घसरगाडी! घोडा वर गेलाय! इकडे या!"

दारापासून दोन पट्टे आणि मधे खुरांचे ठसे निघाले होते, ताजे, आणि ते खिंडीच्या पायवाटेनं सरळ बुर्झेश्तीकडे चढत होते. त्या वाटेनं फक्त घोडा जातो. म्हणजे आम्ही घळीतून कडेलोट करून घेत होतो तेव्हा पात्रू शांतपणे दुसऱ्या बाजूनं वर चालला होता. आणि विस्तव झाकून, दाराला कडी लावून गेला होता. घाईत असलेला माणूस असं करत नाही. वाईट काही हातात घेऊन निघालेलाही नाही. हे मी लेतित्सियाला सांगितलं. दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला पोहोचलं नाही.

पात्रूची करवत खोपटात टांगलेली होती, ती उचलली. पडलेल्या झाडापाशी खालून गेलो, मी कापलं, तोदोरनं तुकडे ढकलले. घाम निघाला आणि तिथेच गोठला. उरलेली वाट जीपनं एकदाही न कुरकुरता काढली. तिलाही कळलं असावं.

तोदोरच्या खिडकीत दिवा होता. अंगणात घसरगाडी, तिला जुंपलेला पात्रूचा घोडा मुर्गु वाफ सोडत उभा, आणि ओट्यावर स्वतः पात्रू, पाइप ओढत. आणि घरातून आवाज येत होता. मोठ्यानं, रागावून, दम घेऊन घेऊन रडण्याचा. एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि ऐकत बसलो. तोदोर केव्हाच आत पळाला होता.

"काय रे ग्लिगोर," पात्रू म्हणाला, "माणसं लोकांच्या घरी चाव्या विसरतात, छत्री विसरतात."

"पात्रू, म्हाताऱ्या, तुझे पाय कुठायत?"

"असू देत. मी आत आलो तर कातडं हलतंय. म्हटलं उंदीर. मग उंदीर रडायला लागला. अरे, काय आवाज! मुर्गु बिथरला. माझ्याकडे खारवलेली चरबी आणि पालिंकाची दारू, त्यातलं काय देऊ तिला? लाल काठ बघितला आणि ओळखलं, ही साल्वीनाची. पोटाशी बांधली आणि आणली." त्यानं पाइप झटकला. "वाटेत मात्र मजेत झोपली."

मी त्याला मिठी मारली. त्याला ते आवडलं नाही, पण मारली. छातीवरचा धोंडा बाजूला झाला आणि मी तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखा हुंदके देत हसलो.

मग मागे वळून पाहिलं तर लेतित्सिया जीपमधून उतरलीच नव्हती.

"चल. सुखरूप आहे ती. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मग?"

"मला घरी ने."

"अगं..."

"कुठल्या तोंडानं जाऊ? ती आता मला पोरगी हातात घेऊ देईल? तू देशील? मी तिला आईच्या हातात द्यायची होती, ग्लिगोर. तेवढंच माझं काम होतं. एवढं एकच." ती रडत नव्हती. समोरच्या काचेकडे बघत होती. "ती पात्रूनं दिली."

चाळीस वर्षं त्या बाईला मी तोडीस तोड उत्तर दिलंय, आणि आता टोपी कुरवाळत जीपला टेकून उभा होतो.

दार उघडलं. साल्वीना बाहेर आली. खांद्यावर काही नाही, पायात नवऱ्याचे बूट, छातीशी पोरगी, आता पिऊन गप्प झालेली. ती उंबरा उतरली, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर आली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. जीपचं दार उघडलं आणि काही न बोलता लिवियाला लेतित्सियाच्या मांडीवर ठेवलं. मग तशीच मागे फिरली, पायऱ्या चढली, उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा, धर्मआई," ती म्हणाली. "मी वाट बघतेय. सकाळपासून बघतेय."

लेतित्सिया उतरली. मी तिच्या कोपराला धरलं, तिनं झटकलं, मग परत धरू दिलं. अंगण केवढंसं, पण ती फार हळू चालली. प्रत्येक पावलाला धाबळी बाजूला करून आत बघत होती. पात्रूनं टोपी काढली. उंबऱ्यापाशी ती थांबली. वाक्य आठवेना. आठवडाभर कोंबड्यांना ऐकवलेलं वाक्य.

"नुसतं लेकरू दिलं होतं मी," साल्वीनानं तिला आठवण करून दिली.

"नुसतं लेकरू दिलंस," लेतित्सिया म्हणाली, आणि मग ती रडायला लागली, मोकळी, लहान मुलीसारखी, "आणि मी... देवाचं लेकरू... बघ, बघून घे गं, नीट बघून घे."

साल्वीनानं धाबळीचा कोपरा उचलून पाहिलं. नाकाजवळ नाक नेऊन हुंगलंसुद्धा.

"हीच," ती म्हणाली. "पाव नाही."

आधी पात्रू हसला. मग तोदोर. मग सगळेच, आणि लिविया दचकून पुन्हा रडायला लागली, तर कुणालाच तिला गप्प करायची घाई नव्हती.

आत टेबलावर कोबीच्या पानातले गोळे, पालिंका, आणि मधोमध तो पाव. रीतीप्रमाणे तो पोरीच्या डोक्यावर धरून मोडायचा असतो. लेतित्सिया मागे सरकली, म्हणाली मी हात लावणार नाही त्याला. तेव्हा साल्वीनानं लिवियाला परत तिच्याकडे दिलं, पाव स्वतः उचलला आणि मोडला. सगळा चुरा लेतित्सियाच्या मांडीवर आणि पोरीच्या केसांत पडला.

"पुढच्या मुलाच्या वेळीही तुम्हीच न्यायचं, धर्मआई," साल्वीना म्हणाली. "पाव तेवढा आम्ही इथेच भाजू."